न सापडलेला ऑब्जेक्ट आणि चुकीचा सापडलेला

सोमवार, रात्री

तानपुऱ्याचा जुना पॅच, म्हणजे प्युअर डेटा (पीडी) या सॉफ्टवेअरमध्ये खोकी (ऑब्जेक्ट) तारांनी जोडून बांधलेला आवाजाचा प्रोग्राम, आज नव्या लॅपटॉपवर उघडला. चार तारा, प्रत्येक तारेला एक डिले लाइन, तारांचा क्रम ठेवायला काउंटर, शेवटी थोडा रिव्हर्ब आणि लिमिटर. २०१२ साली पीडी-एक्स्टेंडेडवर बांधलेला. आज साध्या प्युअर डेटात उघडल्यावर पीडीच्या खिडकीत तीन लाल ओळी आल्या. काउंटर, फ्रीव्हर्ब~, लिमिटर~, आणि तिघांपुढे एकच शेरा: 'कुडन्ट क्रिएट'. पॅचमध्ये त्या तिन्ही खोक्यांची कड तुटक झालेली.

कारण माहितीचं आहे. पीडी-एक्स्टेंडेड सुरू होतानाच सायक्लोन, झेक्सी, आयईएमलिब, मॅक्सलिब अशा कितीतरी लायब्रऱ्या आपणहून लोड करून ठेवायचं. त्यामुळे तेव्हाच्या पॅचमध्ये नुसतं 'काउंटर ० ३' लिहिलं तरी चालायचं, आणि हा काउंटर कोणत्या लायब्ररीतला याची नोंद पॅचमध्ये कुठेच राहायची नाही. ते वितरण २०१३ च्या ०.४३.४ या आवृत्तीनंतर थांबलं. आताच्या साध्या पीडीबरोबर 'एक्स्ट्रा' फोल्डरमध्ये मोजकेच ऑब्जेक्ट येतात: सिगमंड~, बाँक~, फिडल~, रेव्ह३~ वगैरे. बाकी सगळं आपण आणायचं आणि ते कुठे ठेवलंय हेही आपणच सांगायचं.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. ऑब्जेक्ट तयार झाला नाही तरी पीडी त्या खोक्याला खोटे इनलेट-आउटलेट (तारा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची टोकं) लावून त्याच्या तारा जोडलेल्या ठेवतं. खोक्यातला मजकूरही जसाच्या तसा राहतो. असा पॅच चुकून सेव्ह झाला तरी काही हरवत नाही. लायब्ररी मिळाली की तोच पॅच पुन्हा पूर्ववत होतो. म्हणून तुटक कडांची मला भीती वाटत नाही. तरी मूळ फाइलची प्रत काढून ठेवली आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं ठरवलं. त्याचं कारण चुकीचा ऑब्जेक्ट सापडला तर काय होतं, हे आहे.

मंगळवार

पॅचची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ज्या ओळींच्या सुरुवातीला '#एक्स ऑबजे' आहे तेवढ्या वेगळ्या काढल्या. अशा ओळीतला पाचवा शब्द ऑब्जेक्टचं नाव असतो. तिसरा आणि चौथा खोक्याची जागा सांगतात. नावांची क्रमवार यादी केली की बाहेरचे ऑब्जेक्ट कोणते ते पाच मिनिटांत कळतं. लाल ओळी वाचत बसण्यापेक्षा हे बरं, कारण पॅचच्या पोटातल्या ॲब्स्ट्रॅक्शनमध्येही (खोकं म्हणून वापरलेल्या दुसऱ्या पॅचमध्ये) तुटकी खोकी असू शकतात आणि त्या फाइलींचीही अशीच यादी करता येते.

आता शोधाचा क्रम. खोक्यात नाव लिहिलं की पीडी आधी स्वतःकडे नोंदलेल्या नावांत बघतं. तिथे मिळालं तर डिस्कवर शोध होतच नाही. नाही मिळालं तर पॅचचं स्वतःचं फोल्डर आणि पॅचमधल्या 'डिक्लेअर'ने (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या खोक्याने) सांगितलेल्या जागा. मग प्रेफरन्सेसमधल्या पाथच्या यादीतली फोल्डरं, यादीतल्या क्रमाने. सर्वांत शेवटी ठरलेल्या जागा. लिनक्सवर होम फोल्डरातलं '.लोकल/लिब/पीडी/एक्स्ट्रा', मग '/युएसआर/लोकल/लिब/पीडी-एक्स्टर्नल्स', आणि पीडीचं स्वतःचं एक्स्ट्रा. मॅकवर होममधल्या लायब्ररी फोल्डरातलं 'पीडी', विंडोजवर ॲपडेटातलं 'पीडी'. या ठरलेल्या जागा 'यूज स्टँडर्ड पाथ्स' ही खूण असेल तरच तपासल्या जातात. ती खूण काढलेली असली तर फोल्डर बरोबर जागी असूनही काहीच सापडत नाही, आणि माणूस तासभर फोल्डरंच हलवत बसतो.

या क्रमातून निघणारा सगळ्यात मोठा त्रास जुन्या प्रतींचा. प्रेफरन्सेसमधलं एखादं विसरलेलं फोल्डर ठरलेल्या जागांच्या आधी तपासलं जातं. त्यात २०१५ ची सायक्लोन पडलेली असेल तर 'फाइंड एक्स्टर्नल्स'मधून आज उतरवलेली नवी सायक्लोन तिच्यामागे झाकली जाते. लिनक्सवर पॅकेज मॅनेजरने टाकलेली प्रत पीडीच्या एक्स्ट्रामध्ये बसते आणि हाताने उतरवलेली होममध्ये. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एका यंत्रावर ठेवू नयेत, असं माझं मत आहे. एक निवडावी आणि दुसरी काढून टाकावी.

पीडी कुठे बघतंय याचा अंदाज बांधण्यापेक्षा त्यालाच विचारावं. टर्मिनलमधून पीडी '-नोप्रेफ्स -व्हर्बोज -एसटीडीईआरआर' हे तीन पर्याय देऊन सुरू करायचं, पुढे पॅचचं नाव द्यायचं आणि बाहेर येणारा मजकूर फाइलमध्ये वळवायचा. पहिल्या पर्यायामुळे साठवलेल्या प्रेफरन्सेस वगळल्या जातात. दुसऱ्यामुळे प्रत्येक प्रयत्नाची ओळ येते: अमुक फाइल 'ट्राइड अँड फेल्ड', अमुक 'ट्राइड अँड सक्सीडेड'. टर्मिनल नको असेल तर पाथच्या संवादचौकटीतली व्हर्बोजची खूण करून पीडीच्या खिडकीतली लॉगची पातळी ४ वर न्यायची. मी लॉगमध्ये 'सक्सीडेड'च्या ओळी आधी वाचते. काय सापडलं नाही ते पॅच दाखवतोच; जे सापडलं ते नेमकं कुठून आलं, हे फक्त लॉग सांगतो.

लिनक्स अक्षराच्या लहान-मोठेपणात भेद करतं आणि मॅक सहसा करत नाही, हेही इथेच लिहून ठेवते. रोमन लिपीत 'जेम' या ग्राफिक्सच्या लायब्ररीचा पहिला जी मोठा आहे. लहान जी लिहिलेला पॅच मॅकवर वर्षानुवर्षं चालतो आणि लिनक्सवर पहिल्याच दिवशी अडतो.

बुधवार

तिन्ही पॅकेजं उतरवली. पाथ आणि लिब यांतला फरक पुन्हा एकदा नीट मांडते, कारण निम्म्या चुका इथे होतात.

सायक्लोन म्हणजे फोल्डरभर सुट्या फाइली. काउंटरची फाइल वेगळी, स्केलची वेगळी. अशा लायब्ररीला फोल्डरचा पत्ता पुरतो: [डिक्लेअर -पाथ सायक्लोन]. फ्रीव्हर्ब~चंही तसंच, त्याच नावाच्या फोल्डरात त्याच नावाची एक फाइल. झेक्सी मात्र मी उतरवलेल्या पॅकेजमध्ये एकच मोठी बायनरी (यंत्रासाठी तयार केलेली फाइल) आहे आणि लिमिटर~ तिच्या पोटात आहे. लिमिटर~ नावाची फाइल डिस्कवर कुठेच नसल्यामुळे पाथ कितीही दिला तरी ती सापडणार नाही. ही बायनरी आधी आख्खी लोड करावी लागते: [डिक्लेअर -लिब झेक्सी]. लिब सांगितलं की पीडी झेक्सी फोल्डरातली झेक्सी नावाची बायनरीही शोधतं, म्हणून इथे वेगळा पाथ लागत नाही. फक्त तिच्याबरोबर आलेली ॲब्स्ट्रॅक्शन हवी असतील तरच पाथही द्यायचा.

सायक्लोनमध्ये एक अपवाद आहे. ज्या ऑब्जेक्टच्या नावात फक्त चिन्हं आहेत, उदाहरणार्थ '!-', त्यांच्या फाइली होऊ शकत नाहीत. ते सायक्लोन नावाच्याच बायनरीत असतात. ते हवे असतील तर सायक्लोनलाही -लिब लागतं.

डिक्लेअर लिहिलं म्हणून आधीची तुटकी खोकी आपोआप पूर्ववत होतील असं धरू नये. पॅच सेव्ह करायचा, बंद करायचा, परत उघडायचा. सेव्ह करताना पीडी डिक्लेअरच्या ओळी फाइलच्या वरच्या भागात लिहितं, म्हणून पुढच्या वेळी बाकीची खोकी तयार होण्याआधी त्या वाचल्या जातात. 

-पाथमधला पत्ता आधी पॅचच्या फोल्डरपासून धरला जातो, तिथे नसेल तर शोधाच्या नेहमीच्या जागांत. -एसटीडीपाथ मात्र पीडीच्या ठरलेल्या जागांसाठी आहे.  पत्त्यात विंडोजवरसुद्धा पुढे झुकलेली तिरकी रेघच वापरायची, कारण उलटी रेघ पीडीत वेगळ्या कामाची आहे: ती आधी लावली की स्पेस नावाचाच भाग धरली जाते. माझं फोल्डर 'जुने पॅचेस' असं दोन शब्दांचं होतं. डिक्लेअरमध्ये मधल्या स्पेसच्या आधी उलटी रेघ दिली नाही तर पीडीला 'जुने' एवढंच कळतं. मी फोल्डरच्या नावात जोडरेघ घातली आणि विषय संपवला.

हे सगळं प्रेफरन्सेसमध्ये लिहिलं असतं तर दहा सेकंदांचं काम होतं. पण प्रेफरन्सेस यंत्राच्या असतात, पॅचच्या नाहीत. पॅच दुसऱ्याला पाठवला की त्या यादीतलं काहीही सोबत जात नाही. मी पाथची यादी आणि स्टार्टअपची यादी दोन्ही रिकाम्या ठेवते.

गुरुवार

आजचा दिवस काउंटरचा.

काल रात्री दुसरा एक पॅच उघडा होता, त्यात एल्स लायब्ररी होती. तो तसाच ठेवून तानपुरा उघडला. एकही तुटकं खोकं नाही, पण पीडीच्या खिडकीत 'कनेक्शन फेल्ड' अशा ओळी. काउंटर नावाचा ऑब्जेक्ट एल्समध्येही आहे. सायक्लोनच्या काउंटरला ५ इनलेट आणि ४ आउटलेट. चौथ्या आउटलेटातून आवर्तनांची मोजणी येते आणि माझ्या पॅचमध्ये त्यावरच खर्जाच्या तारेची तीव्रता थोडी बदलते. एल्सच्या काउंटरची रचना वेगळी. चौथं आउटलेट नाही म्हटल्यावर ती तार जोडलीच गेली नाही.

न सापडलेल्या ऑब्जेक्टला पीडी खोटी आउटलेटं देतं, पण चुकीच्या सापडलेल्या ऑब्जेक्टला देत नाही. त्याच्या मते तो व्यवस्थित तयार झालेला असतो. न जुळलेली तार पडद्यावर नसते, आणि आता पॅच सेव्ह केला तर ती फाइलमधूनही जाते. कुठे तुटक कड नाही, आवाजही येतो, फक्त वागणं बदललेलं. यासाठीच प्रत काढून ठेवली होती.

पण हे झालं कसं? तानपुऱ्यात तर [डिक्लेअर -पाथ सायक्लोन] लिहिलेलं आहे. उत्तर शोधाच्या क्रमाच्या पहिल्या पायरीत आहे. दुसऱ्या पॅचमध्ये खोक्यात [एल्स/काउंटर] असं पूर्ण नाव होतं. बायनरी ऑब्जेक्ट असा पूर्ण नावाने लोड झाला तरी पीडी त्याची दोन नावं नोंदवतं: 'एल्स/काउंटर' आणि नुसतं 'काउंटर'. त्यानंतर जो कोणी पॅच नुसतं 'काउंटर' म्हणेल त्याला नोंदवहीतला एल्सचा मिळतो. डिस्कवर शोधच होत नाही आणि डिक्लेअरमधल्या पाथला विचारायची वेळच येत नाही. पॅच बंद केला तरी नोंद पुसली जात नाही. पीडी बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

खात्री करायला रिकाम्या पीडीत फक्त तानपुरा उघडला: बरोबर. पीडी बंद, आधी एल्सचा पॅच, मग तानपुरा: चूक. क्रम उलटा: तानपुरा बरोबर, आणि एल्सचा पॅचही बरोबर, कारण त्याच्या खोक्यात पूर्ण नाव आहे. म्हणजे 'कालपर्यंत चालत होतं, आज चालत नाही' या तक्रारीत यंत्रावर काहीही बदललेलं नसू शकतं. फक्त पॅच उघडण्याचा क्रम बदललेला असतो. स्केल हे नावही असंच सायक्लोन आणि मॅक्सलिब दोघांत आहे.

उपाय म्हणून प्रतीत सगळीकडे [सायक्लोन/काउंटर ० ३] लिहिलं. पूर्ण नाव दिलं की लायब्ररीचं फोल्डर ठरलेल्या जागेत असेल तर पाथचीही गरज राहत नाही. हे खोकं बदलताना थेट त्याच खोक्यात क्लिक करून नावाआधी शब्द जोडायचा. खोकं पुसून नवं घेतलं तर सगळ्या तारा हाताने जोडाव्या लागतात. झेक्सीसारख्या एकाच बायनरीतल्या ऑब्जेक्टला हे पूर्ण नाव चालत नाही, तिथे -लिबवरच भिस्त.

आवर्तनांची मोजणी नको असती तर काउंटर काढूनच टाकला असता. एक [एफ], एक [+ १], एक [मॉड ४], एवढ्यात ० ते ३ मोजून होतं आणि बाहेरचं काही लागत नाही.

शनिवार

पॅच मैत्रिणीच्या मॅकवर तपासला. तिच्याकडे फ्रीव्हर्ब~ सापडला, पण उघडला नाही. लॉगमध्ये हे 'नॉट फाउंड'पेक्षा वेगळं दिसतं: फाइलचा पूर्ण पत्ता येतो आणि त्यापुढे ऑपरेटिंग सिस्टिमचं कारण. इथे कारण होतं, फाइल एक्स८६-६४ ची आणि पीडी एआरएम-६४ चं. बायनरी पीडीच्या जातीची हवी. दुसऱ्या एका फाइलला मॅकने इंटरनेटवरून आलेली म्हणून अडवलं होतं. टर्मिनलमध्ये 'एक्सॲटर' आज्ञेने त्या फोल्डरवरची क्वारंटाइनची खूण काढल्यावर ती उघडली. विंडोजवर याच जागी आकडे येतात. १९३ म्हणजे फाइल चुकीच्या जातीची. १२६ म्हणजे तिला लागणारी दुसरी डीएलएल हजर नाही. लिनक्सवर 'एलडीडी' ही आज्ञा बायनरीवर चालवली की कोणती फाइल कमी आहे ते दिसतं.

पॅकेजच्या नावातल्या शेवटच्या ३२ किंवा ६४ ला फसू नये. तो आकडा प्रोसेसरचा नसून पीडी संख्या किती बिटांत ठेवतं त्याचा आहे. नेहमीच्या पीडीला, यंत्र ६४ बिटांचं असलं तरी, ३२ चंच पॅकेज लागतं.

फ्रीव्हर्ब~ साठी तिच्या यंत्राला चालणारी फाइल लगेच मिळाली नाही. तिच्या प्रतीत त्याजागी पीडीचा स्वतःचा रेव्ह३~ बसवला. त्याला चार आउटलेट असतात, दोनच वापरली. नाद थोडा वेगळा येतो, शेपूट लांब आहे. डिके (नाद किती टिकतो तो आकडा) ९० वरून ८० वर आणल्यावर पंचमाची तार खर्जात बुडायची थांबली.