तुम्ही विचारलंत म्हणून: वन बीएचके शिकवताना स्वीडिश जहाज कशाला?

इंटिरिअर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला मी शिकवते. पहिल्या तासाला भिंतीवर 1953 सालच्या 'कुंग्सहोल्म' या स्वीडिश जहाजाचा नकाशा लावते, आणि दिवाळीच्या आत कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आम्हाला पुढे हिंजवडीतले वन बीएचके करायचेत. ही जुनी जहाजं कशाला?" पालकही विचारतात. वर्गात तास संपतो आणि उत्तर अर्धं राहतं, म्हणून इथे सगळं सांगते.

जहाज 600 फूट लांब, 77 फूट रुंद, प्रवासी आठशेच्या घरात. एवढ्या रुंदीत कडेच्या खोल्यांना खिडकी मिळते आणि मधल्या आंधळ्या राहतात. अटलांटिकवर तेव्हा सर्रास तसंच चालायचं. स्वस्त तिकिटवाल्याने आतल्या अंगाला झोपायचं. 'कुंग्सहोल्म'मध्ये मात्र एकही केबिन आंधळी नाही. टुरिस्ट वर्गाच्या माणसालाही समुद्र दिसणारी खिडकी आणि स्वतःचं न्हाणीघर. या नकाशात पोटमाळ्यासारखी कोंडलेली खोली शोधून दाखवा, असं मी मुलांना सांगते. अर्धा तास शोधतात.

यामागे हिशेबही होता. स्वीडिश अमेरिकन लाइनची जहाजं उन्हाळ्यात गॉथेनबर्ग ते न्यूयॉर्क जात. हिवाळ्यात त्या मार्गावर गिऱ्हाईक नसे, म्हणून तीच जहाजं उबदार समुद्रांत लांबच्या सहलींना निघत. सहलीत वर्ग एकच. मग कुठलीही खोली कमी प्रतीची ठेवून चालणार कशी? वर्गांमधली दारं उघडली की सारं जहाज एक व्हायला हवं, आणि कुठल्या दाराच्या पलीकडे सामान हलकं झालेलं दिसता कामा नये. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे दिवाणखान्यावर सगळा खर्च होतो आणि स्वयंपाकघराला उरलेल्या फरश्या लागतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. माझे वडील सुतारकाम करत. त्यांच्या पिशवीत गुण्या (काटकोन तपासायचा) आणि ओळंबा (उभी रेघ सरळ आहे का बघायची वजनाची दोरी) कायम असायचा. जहाजावर या दोन्हींचा भरवसा नाही. डेक मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता, शिवाय पुढच्या आणि मागच्या टोकाकडे चढत जाणारा. खोलीचा कोपरा काटकोनात येईलच असं नाही, आणि चालत्या जहाजात ओळंबा स्वतःच झुलतो. प्रत्येक कपाट, प्रत्येक पलंग जागेवर माप घेऊन, तासून बसवायचा. त्यात जहाज डोलणार, म्हणून टेबलांना उभी कड, कोपरे गोल, बोळांतून दोन्ही बाजूंना हात धरायला लाकडी कठडा. स्कॅन्डिनेव्हियन साधेपणा म्हणून आज जे दुकानांत विकतात, त्यातलं बरंचसं इथे गरज म्हणून होतं. धरायला काहीतरी हवं आणि आपटायला काही नको.

आणि लाकूड! त्याच सुमारास, 1952 मध्ये, अमेरिकेचं 'युनायटेड स्टेट्स' हे जहाज अटलांटिक ओलांडायचा विक्रम करत होतं, सरासरी 35 नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास. आगीच्या धास्तीने त्याच्या रचनाकाराने, विल्यम फ्रान्सिस गिब्ज यांनी, लाकूड जवळपास हद्दपार केलं: खाटकाचे ठोकळे आणि पियानो तेवढे लाकडी. खुर्च्यासुद्धा ॲल्युमिनियमच्या. 'कुंग्सहोल्म'चा वेग 19 नॉट. विक्रमाच्या शर्यतीत ती नव्हतीच. आठवडाभर ज्या भिंतीला माणूस टेकणार, ती हाताला ऊबदार लागावी, याची काळजी तिथे होती. नॉर्वेच्या 1965 मधल्या 'सागाफ्योर्ड'वरही तेच; तिच्या सजावटीत डेन्मार्कचे वास्तुकार काय क्योर्बिंग यांचा हात होता, आणि जेवणघर एवढं की सगळे प्रवासी एकाच पंगतीला बसत.

त्या लाकडाची किंमत शेवटी चुकवावी लागली. 1 ऑक्टोबर 2010 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रवासी जहाजांच्या बांधणीत ज्वलनशील सामग्री बंद केली आणि जुन्या जहाजांचे दिवस भरले. नियम बरोबरच आहे. समुद्रात आग लागली तर पळणार कुठे? तरी 'सागाफ्योर्ड' त्यापायी निवृत्त झाली तेव्हा मला रडू आलं होतं. तिची धाकटी बहीण 'विस्टाफ्योर्ड' 2017 मध्ये गुजरातच्या अलंगला तोडायला आली. त्याआधी 2015 मध्ये 1966 ची, त्याच नावाची पुढची 'कुंग्सहोल्म'. नावं तोवर किती वेळा बदलली होती! 1957 ची 'ग्रिप्सहोल्म'ही 2001 मध्ये अलंगलाच यायला निघाली होती, पण वाटेतच दक्षिण आफ्रिकेजवळ बुडाली.

अलंगच्या रस्त्याला जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत: गाद्या, बेसिनं, कपबशा, खुर्च्या, सगळं ढिगाने. तिथून मी एक छोटं टेबल आणलं. ते कुठल्या जहाजाचं, हे दुकानदाराला सांगता आलं नाही. मीही त्याला उगाच मोठं नाव चिकटवत नाही. फिकट लाकूड, गोल कोपरे, चारी बाजूंनी बोटाच्या पेराएवढी कड, आणि आतून हात फिरवला तर पायाशी तासल्याच्या खुणा. ते वर्गात ठेवलंय. नकाशा बघून झाला की मुलं त्याच्यावर पेन्सिल गडगडत सोडतात आणि ती कडेला टेकून थांबते.