प्रवेश विभागातली इंटर्नशिप घेऊ का, असं विचारणाऱ्या ज्युनिअर्ससाठी

"ताई, तिथे नुसते फोनच करायचे असतात ना?" हो, बहुतेक वेळ फोनच करायचे असतात. तरी घ्या.

मी दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या प्रवेश विभागात इंटर्न होते. कॉल लिस्ट घेऊन फोन लावायचे, ओपन डेला आलेल्यांना कॅम्पस फिरवून दाखवायचा आणि ईमेलना ठरलेल्या मजकुरातून उत्तरं पाठवायची. ईमेलबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते काम कुणीही करू शकतं.

टूरचं सगळ्यांना आकर्षण असतं. लोकांकडे तोंड राहावं म्हणून उलटं चालत बोलायचं, त्यामुळे कुठे पायरी आहे ते पाठ करावं लागतं. पण टूरमध्ये जे बोलतो ते माहितीपत्रकात छापलेलंच असतं. खरं बोलणं टूर संपल्यावर, मागे रेंगाळणाऱ्यांशी होतं. मुलं हळूच विचारतात, वर्गात चुकीचा प्रश्न विचारला तर हसतात का, पहिल्या वर्षी एकटं वाटतं का. एका वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आमच्या घरात पुढे शिकणारी ही पहिलीच. अडलं तर तिने कुणाकडे जायचं?" हा प्रश्न त्यांनी अधिकाऱ्यांना विचारला नाही, मला विचारला. माझी इंटर्नशिप कशासाठी आहे, ते मला तिथे कळलं.

आता फोन. आमच्याकडे याद्या असायच्या त्या नुसती चौकशी केलेल्यांच्या, फॉर्म अर्धवट सोडलेल्यांच्या आणि प्रवेश मिळूनही काहीच न कळवलेल्यांच्या. पहिल्या यादीत फार अर्थ नाही, निम्मे लोक फोन उचलत नाहीत. अर्धवट फॉर्मवाल्यांची यादी मात्र सोन्याची. "फॉर्म का भरला नाहीस?" असं विचारलं की मुलं गप्प होतात. "कुठल्या पानावर थांबलास?" असं विचारलं की बोलतात. कुणी फोटो अपलोड होत नाही म्हणून थांबलेलं, कुणी शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं हे कळेना म्हणून. एक मुलगी 'इतर उपक्रम' या रकान्यापाशी अडली होती. लिहायला काहीच नाही म्हणाली. दोन वाक्यांनंतर कळलं, धाकट्या भावंडांना रोज तीच सांभाळते, त्यांचा अभ्यासही घेते. मी विभागात विचारून तिला परत फोन केला: हेच लिही, चालतं.

तिसऱ्या यादीतल्यांसारख्या गळतीला अमेरिकेत 'समर मेल्ट' म्हणतात. प्रवेश पक्का झालेली मुलं सुट्टीतच गळतात. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या शिक्षण-संशोधकांच्या अभ्यासात हे प्रमाण साधारण 10 ते 20 टक्के आढळलं, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत ते जास्त. कारणं बहुतेक वेळा किरकोळ: एखादा राहिलेला फॉर्म, न समजलेलं पत्र. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2016 मध्ये यासाठी 'पाउन्स' नावाचा चॅटबॉट सुरू केला. मुलं रात्री-अपरात्री मेसेज करून त्याला शंका विचारायची. मला त्याचं नवल वाटत नाही. बावळट वाटेल असा प्रश्न ऑफिसला विचारायला लाज वाटते. यंत्राला विचारायला वाटत नाही, आणि वर्षभर पुढे असलेल्या मुलीला विचारायलाही कमीच वाटते.

शब्द कसे वापरतो यानेही किती फरक पडतो बघा. मिशिगन विद्यापीठाने कमी उत्पन्न गटातल्या हुशार मुलांना थेट पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची शिक्षण फी माफ, वेगळा मदतीचा फॉर्म भरायची गरज नाही. त्यातल्या बहुतेकांना अर्ज केला असता तर तेवढी मदत तशीही मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी 68 टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांनी. 'मिळू शकते' आणि 'मिळेल' यातला हा फरक.

म्हणून मला स्क्रिप्टचा राग येतो. आम्हाला दिलेल्या कागदावर पहिलं वाक्य होतं, "आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी…" हे वाचलं की समोरचा फोन ठेवतो, आणि बरोबरच करतो. मी नाव, वर्ष आणि विषय सांगून सरळ मुद्द्यावर यायचे. मात्र दोन गोष्टींत अजिबात सैल होऊ नका. "तुझं नक्की होईल" असं कधीच म्हणायचं नाही. निवड आपण करत नाही, आणि आपल्या एका शब्दावर कुणी दुसरीकडचा अर्ज सोडून देऊ शकतं. आणि कुणाचाही नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा नाही, मग गप्पा कितीही छान झालेल्या असोत.

आमच्या शीटमध्ये 'फोन उचलला' आणि 'नाही' एवढेच रकाने होते. मी शेजारी 'काय विचारलं' हा रकाना वाढवला. फोटोची अडचण त्यात इतक्यांदा आली की शेवटी ती सूचना फॉर्मच्या पहिल्या पानावर गेली. याचं श्रेय कुणी मला दिलं नाही, पण ते पान मी अजून अधूनमधून उघडून बघते.

स्टायपेंडचं स्पष्ट बोलते. बिनपगारी असेल तर मी घेऊ नका म्हणेन, आणि ते तुमच्या खिशाचा विचार करून नाही. फुकट काम फक्त त्यांनाच परवडतं ज्यांना शिकताना कमवावं लागत नाही. मग फोन करणारे सगळे असे, जे स्वतः कुठल्याही रकान्यापाशी कधी अडलेच नाहीत. त्यांना ती मुलगी का गप्प झाली हे कसं कळणार?

मुलाखतीत एवढं नक्की विचारा: स्क्रिप्ट सोडून बोललं तर चालेल का, आणि उत्तर माहीत नसेल तर फोन कुणाकडे द्यायचा. दुसऱ्या प्रश्नाला विभागाकडे एखाद्या माणसाचं नाव नसेल तर जाऊ नका. आणि पालक संध्याकाळीच फोनवर सापडतात, तेव्हा ज्या सत्रात प्रात्यक्षिकं उशिरापर्यंत चालतात ते सत्र टाळा.