एक कान उशीत

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, टेबलावर बसला, वायरी मागे दडपून झाल्या, आणि भर दुपारी पडदे ओढून मी चाचणीसाठी पलंगावर आडवी झाले. थोड्या वेळाने सवयीने कूस बदलली, तसा डावा कान उशीत गेला. डावीकडून उजवीकडे सुसाट जाणारी मोटार, छतावरून घरघरत जाणारं हेलिकॉप्टर, सगळा कारभार आता एकट्या उजव्या कानावर. होम थिएटर हे बसणाऱ्या माणसासाठी आहे हो. माहितीपुस्तिकेतल्या चित्रातला गृहस्थ कसा सोफ्याच्या बरोबर मधोमध ताठ बसलेला असतो! बेडरूममध्ये असं कोण बसतं? ह्यांचा उजवा कान उशीत, माझा डावा. दोघांचं मिळून कसंबसं एक स्टिरिओ होतं.

तरी बेडरूमची बाजू घ्यायला हवी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, भिंती ती एकमेकींकडे टोलवत राहतात. त्याच खोलीत गादी, उशा, रजया, जाड पडदे आले की टाळी जागच्या जागी विझते. लोक आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम चिकटवतात. इथे ते काम गादी पडल्यापडल्या करते. फक्त खर्ज तिला जुमानत नाही. 40 हर्ट्झच्या सुराची एक लहर साधारण साडेआठ मीटर लांब. एवढी लांब बेडरूम कोणाची असते? आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा स्पीकर, कोपऱ्यात ढकलला, की दोन्ही भिंती आणि जमीन त्याला साथ द्यायला लागतात. आमच्या सबवूफरवर ठेवलेला माझा चष्मा मारामारीच्या प्रसंगात हळूहळू कडेकडे सरकतो.

माझा एक हट्ट आहे. जो बोलतो त्याच्या तोंडातूनच आवाज आला पाहिजे. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले, म्हणून तर हा बार आणायचा. पण टीव्ही भिंतीवर उंच आणि बार खाली टेबलावर असला, की नायिका पोटातून बोलल्यासारखी वाटते. म्हणून बार टीव्हीच्या अगदी खाली हवा. तसा ठेवला की तो टीव्हीच्या, रिमोटची खूण टिपणाऱ्या डोळ्यापुढे उभा राहतो, आणि मग हात उंच करून, वाकडा करून बटणं दाबत बसायचं. जरा पुढे, टेबलाच्या कडेला ओढला की दोन्ही साधतं. टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून येणारा आवाजही कमी होतो.

ओठ आणि शब्द यांची चुकामूक तर मला अजिबात खपत नाही. गंमत म्हणजे आवाज मागे राहिला तर मन बरंच चालवून घेतं, पुढे गेला तर लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हे आकड्यांत दिलंय : आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तरी माणसाच्या ध्यानात येतं, उशिरा आला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत पत्ता लागत नाही. साहजिक आहे. आधी वीज दिसते, मग गडगडाट होतो. उलटं झालेलं कोणी पाहिलंय? ब्लूटूथवर हा उशीर वाढू शकतो, तेव्हा सरळ एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी वायर लावावी, आणि तीही टीव्हीच्या ज्या खाचेवर एआरसी (आवाज टीव्हीतून परत बाहेर सोडणारी वाट) लिहिलंय तिथेच. दुसऱ्या खाचेत घालाल तर टीव्हीचा आवाज बारपर्यंत पोचायचाच नाही.

राहिला नाइट मोड. सिनेमाचा आवाज थिएटरच्या मापाने जुळवलेला असतो. तिथल्या एकेका मुख्य स्पीकरला 105 डेसिबलपर्यंत जायची मुभा असते. रात्री घरात तेवढा आवाज कोण लावणार? आपण कमी करतो, की कुजबुज पंख्याखाली बुडते. वाढवतो, तेवढ्यात पूल उडतो. नाइट मोड कुजबुज वर उचलतो आणि पूल हलकेच पाडतो. जाणकार नाकं मुरडतात, दिग्दर्शकाने ठेवलेला चढउतार सपाट होतो म्हणतात. होऊ दे. मी तो दिवसाही लावते.

लहानपणी आम्हाला वेळेवर झोपायला पिटाळून मोठी माणसं बाहेरच्या खोलीत पिक्चर बघत बसायची. दार बंद. शब्द दारातच गळायचे, आत यायची ती नुसती गुणगुण आणि संगीताचा खर्ज. तेवढ्यावर दादा अंधारात गोष्ट रचायचा. आता पाऊस. आता घोडे. आता तो जिना चढतोय. मधेच संगीत थांबलं आणि बाहेर कोणी खोकलंसुद्धा नाही, की तो गंभीरपणे सांगायचा, "गेला." सकाळी आईकडून खरी गोष्ट ऐकली की ती हटकून फिकी निघायची. दादाच्या पिक्चरमध्ये घोडे फार असत.

परवा सकाळी लेकीने विचारलं, "आई, काल शेवटी कोण मेलं गं?"

"कोणी मेलं हे तुला काय ठाऊक?"

"धडधड थांबली आणि तुम्ही दोघं एकदम गप्प झालात."

सबवूफर कोपऱ्यातून ओढून पुढे घेतला, आवाजही उतरवलाय. पण कोण मेलं ते मला कुठे माहीत? आम्हाला झोप लागली होती.