आमची वाटचाल: ‘फ्री’ चित्रांपासून परवान्याच्या वहीपर्यंत

बेळगावात लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे फ्लेक्स आणि मिठाईच्या बॉक्सची लेबलं, हे आमचं रोजचं काम. पत्रिका बहुतेक दोन भाषांत, मराठी आणि कन्नड. वर गणपती, कडेला तोरण. ही चित्रं नेटवरून उतरवलेली असतात. सुरुवातीला ‘फ्री’ लिहिलेलं दिसलं की आम्ही ती बिनधास्त घ्यायचो. आता चित्र कुणाचं, कुठून घेतलं, परवाना कुठला आणि कधी उतरवलं हे वहीत लिहिल्याशिवाय ते छपाईला जात नाही. त्या दिवशीच्या पानाची पीडीएफही ठेवतो. चित्रकाराने चित्र पुढे काढून टाकलं तरी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपलं काम ठरलेल्या अटींवर इतरांना वापरू देणारा, एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, पण तो दिला होता याचा पुरावा आपल्याकडे असावा लागतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने 2002 साली आले, सध्याची 4.0 आवृत्ती 2013 सालची. त्यातल्या ‘सीसी-झीरो’ला कुठलीच अट नाही. ‘बाय’ला, म्हणजे श्रेय द्यायच्या परवान्याला, चित्रकाराचं नाव, परवान्याचा दुवा आणि बदल केला असल्यास तशी नोंद लागते. ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी नाही) आम्ही घेतच नाही. पत्रिका घरगुती असली तरी डिझाइनचे पैसे आम्ही घेतो. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेलं चित्र पुढे देता येत नाही) चित्राचा फॉरमॅट बदलता येतो, पण तोरणाचा रंग बदलून किंवा गणपतीचं मखर काढून ते छापता येत नाही. पत्रिकेत नेमकं तेच करावं लागतं, म्हणून तेही बाद.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘बाय-एसए’चा (एसए म्हणजे शेअर-अलाइक). त्यातलं चित्र बदलून कुंद्याच्या बॉक्सचं लेबल केलं, तर ते बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. म्हणजे शेजारचा मिठाईवाला तेच चित्र स्वतःच्या बॉक्सवर लावू शकतो. गिऱ्हाइकाला तर आपली वेगळी ओळख हवी असते. त्यामुळे लेबल आणि लोगोला सीसी-झीरो किंवा स्वतः काढलेलं चित्र, आणि ‘एसए’ मंडळाच्या फलकाला, शाळेच्या तक्त्याला. पाव किलोच्या बॉक्सवर ‘बाय’चं नाव मावत नाही, तेव्हा तळाला क्यूआर कोड देऊन सगळा तपशील त्या पानावर ठेवतो. 4.0 मध्ये हे चालतं.

परवान्याची माहिती वाटेत गळते, ही खरी अडचण. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीजच्या लायसन्स टॅबमध्ये ती भरता येते आणि एसव्हीजी फाइलमध्ये राहते. पण तीच फाइल जेपीजी करून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की पलीकडे नुसतं चित्र पोचतं. म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये ‘परवाना’ नावाची साधी टेक्स्ट फाइल असते.

फॉन्टचंही तसंच. इथे पाट्या दोन लिप्यांत लागतात, तेव्हा मराठीला ‘बलू’ आणि कन्नडला ‘बलू तम्मा’ घेतला की जाडी जुळते. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सचे. छापा, लोगो करा, पीडीएफमध्ये घाला, हरकत नाही. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. ते आपल्या वळणाचे करून फॉन्ट पुढे द्यायचा असेल, तर आधी सोबतची लायसन्सची फाइल उघडा: तिथे ‘रिझर्व्हड फॉन्ट नेम’ (राखून ठेवलेलं नाव) असेल तर नाव बदलावंच लागतं, आणि परवाना तोच ठेवावा लागतो.

देवादिकांच्या चित्रांना राजा रविवर्मा उपयोगी पडतात. त्यांचं निधन 1906 चं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांची लक्ष्मी-सरस्वती सगळ्यांची आहे. मात्र कुणी त्यावरून नव्याने रेखाटलेली लक्ष्मी त्या माणसाची असू शकते. जुन्या छापाचं स्कॅन शोधा, चकचकीत फाइल नको.

लोगो देताना हक्क कुणाचा हे आम्ही कागदावर लिहून देतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखीच द्यावा लागतो; मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तोंडी ‘तुमचाच की’ म्हटलेलं टिकत नाही.

आम्ही काढलेली तोरणं, गुढ्या आणि कलश आता ‘बाय’खाली खुले केले आहेत. ‘एसए’ मुद्दाम टाळला, कारण खानापूर-निपाणीच्या छापखान्यांनाही ते लेबलावर वापरता यावेत.