सालाउनचा झरा, 1:20 – नोंद तिसरी: ओतकाम, रंग आणि अर्धं पाणी

ल फोल्ग्वेतच्या चर्चमागच्या झऱ्याचं मॉडेल करतोय, खऱ्याच्या एक विसांश मापाचं. त्यातला भिंत आणि महिरपीचा सांगाडा मागच्या नोंदीत उभा झाला. आता कोरीव दगडकाम, रंग आणि कुंड. पाणी अजून पुरं झालेलं नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रदेशातल्या फिनिस्तेर भागात ल फोल्ग्वेत हे गाव. नावाचा अर्थ 'वेड्याचं रान'. चौदाव्या शतकातला भोळा सालाउन इथे झऱ्याकाठी राही, भीक मागून आणलेली भाकरी पाण्यात बुडवून खाई आणि 'आवे मारिया' जपत बसे. तो गेल्यावर थडग्यावर लिली उगवली आणि तिचं मूळ त्याच्या तोंडात सापडलं, अशी आख्यायिका. चर्च त्या झऱ्यावरच बांधलं. झरा वेदीखाली आहे, पाणी मागच्या भिंतीबाहेर कुंडात येतं. म्हणजे मॉडेलमध्ये उगम दाखवायचाच नाही: भिंत, महिरप, मरियमेची मूर्ती आणि शांत पाणी, बस्स.

कोरीव भागांसाठी आधी साधं प्लास्टर ऑफ पॅरिस वापरलं, 100 ग्रॅमला 65 मिली पाणी. पानांच्या कडा बोथट आल्या. त्याऐवजी डेंटल स्टोन घ्या, म्हणजे दातांचे नमुने ओतायचं कडक प्लास्टर. दंतवैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळतो. 100 ग्रॅमला 30 मिली पाणी, आणि पाण्यात पावडर टाकायची, उलट नाही. सोबत 2 ग्रॅम काळा ऑक्साइड (फरशीकामाचा चालतो), म्हणजे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही. 5 ग्रॅमच्या वर गेलात तर ओतीव कच्चा होतो. सिलिकॉनच्या साच्यात साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून वाळवा, पहिला थर ब्रशने कोपऱ्यांत दाबा, मग ओता. 45 मिनिटांच्या आत काढलं तर नाजूक पानं साच्यातच राहतात. रंगाआधी दोन दिवस वाळू द्या, नाहीतर ॲक्रिलिक पापुद्र्यासारखं सुटतं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. जुनी वास्तू म्हटली की हात आपोआप सँडपेपरकडे जातो, कडा गोल करायला. इथे नको! हा दगड केर्सांतों: ब्रेस्तच्या खाडीजवळचा, काळसर करडा, बारीक कणांचा. ग्रॅनाइटपेक्षा कोरायला सोपा, तरी पावसापाण्यात धार टिकवणारा. एखादा तुकडा मोडलेला शोभेल, झिजलेला नाही. वय दाखवायचं ते दगडफुलाने: पांढरट आणि गेरूसारखे ठिपके, स्पंजने, फक्त वर तोंड असलेल्या भागांवर.

रंगही निव्वळ काळा नको, त्यात सावल्याच हरवतात. काळा 1 भाग, पांढरा 2, चिमूटभर हिरवट मातकट. वर कोरड्या ब्रशने फिका करडा. शेवटी पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने उंच कडांवर चोळा. दगडातल्या अभ्रकाची चमक येते.

पाणी म्हणून कुंडात इपॉक्सी रेझिन ओततोय. त्याआधी कुंडाला आतून वार्निशचे दोन हात देणं सक्तीचं. पहिल्या चाचणीत ते वगळलं होतं, तर ओतीवातली हवा बुडबुडे होऊन इपॉक्सीत अडकली आणि एका कोपऱ्यातून गळतीही झाली. थर 3 मिमीचाच, दोन थरांत 24 तास. जाड ओतलं की तापतं आणि पिवळं पडतं. पावसाळ्यात वर चिकट पांढुरकी साय येते. कोमट पाण्याने पुसल्याशिवाय पुढचा थर टाकू नका.

खरी डोकेदुखी काठाची. रेझिन भिंतीवर 2 मिमी चढतं, म्हणजे या मापात चक्क 4 सेंटिमीटर. पाण्याच्या रेषेवर आधी मेणाची बारीक रेघ मारल्यावर ते थांबलं. मेणाखालचा शेवाळी पट्टा मात्र आधीच रंगवून घ्या, मेणावर रंग बसत नाही.

दोन थर झाले, तिसरा बाकी. मूर्तीचा साचा हनुवटीखाली अडकतोय, म्हणून तो आता दोन भागांत कापायचा आहे.