हेन्री आल्याशिवाय बोट सुटणार नाही

शाळेचं नाव काढलं की मला एका नाटकाचा मधला अंक आठवतो. थॉर्न्टन वाइल्डर या अमेरिकी नाटककाराचं 'द स्किन ऑफ अवर टीथ' दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, नोव्हेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अँट्रोबस कुटुंब त्यात हिमयुग, महापूर आणि युद्ध अशा तीन संकटांतून निभावतं. आमच्या इंग्रजीच्या सरांनी स्नेहसंमेलनासाठी पुराचा अंक निवडला आणि त्याचं मराठी स्वतः केलं.

अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सस्तन प्राण्यांच्या मानव शाखेचं सहा लाखावं वार्षिक अधिवेशन भरलेलं असतं. अँट्रोबस नवे अध्यक्ष. सरत्या वर्षाचा मंत्र होता काम करा. ते नवा देतात, मजा करा. लग्नाला पाच हजार वर्षं झालेली बायको सोबत असताना त्यांचं मन सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या सबिनावर. भविष्य सांगणारी बाई बजावत असते, लोक तिची टिंगल करतात. आणि खांबावर काळ्या तबकड्या चढत जातात: एक म्हणजे खराब हवा, दोन वादळ, तीन चक्रीवादळ, चार म्हणजे जगाचा शेवट.

त्या तबकड्या ओढण्याचं काम माझ्याकडे होतं. आमची शाळा बंदरालगतची. वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की काय समजायचं हे पालकांना कुणी सांगायला नको होतं. तिसरी तबकडी वर गेली आणि मांडवातली कुजबुज थांबली.

सरांनी संहितेतलं बरंच कापलं, पण शेवटाला हात लावला नाही. धक्क्याच्या टोकाला बोट उभी आहे, प्राण्यांच्या जोड्या चढताहेत, आणि मिसेस अँट्रोबस मुलासाठी अडून राहते: हेन्रीला घेतल्याशिवाय मी येणार नाही. हाका मारूनही तो येत नाही. मग ती त्याच्या जुन्या नावाने हाक मारते, केन! बायबलमधला, सख्ख्या भावाचा जीव घेणारा केन. तेव्हा कुठे तो येतो.

मनूची गोष्ट मी आजीकडून ऐकली होती. त्या नौकेत सप्तर्षी होते, बियाणं होतं. खुनी मुलासाठी खोळंबलेली बोट मी इथे पहिल्यांदा पाहिली. तालमीत आम्ही विचारलं, याला कशाला घ्यायचं? सर म्हणाले, "पुढच्या अंकात शत्रू होऊन उभा राहतो तो हाच. तरीही आई त्याला मागे ठेवत नाही." नाटकाचा सगळा जीव मला या एका हट्टात दिसतो.

हेन्रीचं काम सरांनी नववीत नापास झालेल्या एका मुलाला दिलं होतं. तो वडिलांबरोबर मासेमारीला जाई. तो परत येईपर्यंत सर तालीम सुरू करत नसत, मग कितीही अंधार पडो.

महोत्सवी संमेलनात हा अंक पुन्हा व्हावा, अशी माझी शाळेला विनंती आहे. सरांच्या हातची संहितेची वही मी जपून ठेवली आहे, ती पाठवतो. तबकड्या ओढायला कुणीही चालेल; हेन्री मात्र हुशार मुलांच्या यादीतून निवडू नका.