सिम्युलेटरमधला दिवस

आज आम्हा वैमानिकांची सहामाही तपासणी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये, झाली. उड्डाणाच्या ऐन क्षणी इंजिन निकामी होणे किंवा केबिनमधील हवेचा दाब अचानक घटणे, असे प्रसंग प्रवासी असलेल्या विमानात करून पाहता येत नाहीत, म्हणून ही तपासणी नियमानेच बंधनकारक असते. परंतु प्रशिक्षकांनी शेरा देऊन मोकळे न होता प्रत्येक निर्णयामागचा विचार आम्हालाच मांडायला लावला आणि एक प्रसंग वेगळ्या पद्धतीने पुन्हा करवून घेतला. त्यासाठी कंपनीने जादा वेळ राखून ठेवला होता, याचे मला विशेष वाटते (सिम्युलेटरचा तास स्वस्त नसतो).

नव्या विमानप्रकारासाठी लागणाऱ्या टाइप रेटिंगचा (तो प्रकार उडवण्याच्या पात्रतेचा) खर्च काही कंपन्या उचलतात आणि बदल्यात काही वर्षांचा बाँड (तेवढा काळ नोकरी न सोडण्याचा करार) लिहून घेतात. इतरत्र तो वैमानिकावरच पडतो, मग परवान्यासाठी आधीच कर्ज काढलेल्या तरुणाला दुसरे कर्ज शोधावे लागते. बाँडला माझा विरोध नाही, मात्र नोकरी सोडताना भरायची रक्कम झालेल्या सेवेनुसार घटत गेली पाहिजे.

कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय निकषानुसार किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते, पण तेवढ्याने कॅप्टन घडत नाही. सहवैमानिकाला ज्येष्ठतेच्या यादीत नुसते ताटकळत ठेवण्यापेक्षा कॅप्टनपदाची तयारी आधीपासून करून घ्यावी, हे मी आज प्रशिक्षण विभागाला लेखी कळवले आहे.